रांग संपेपर्यंत

फिटर शिडीवर चढून ‘आंतरराष्ट्रीय आगमन’ची पाटी काढत होता. चारपैकी दोन स्क्रू निघाले होते. खाली पासपोर्ट तपासायच्या काउंटरमागे शिक्काबाई आपला खण रिकामा करत होत्या. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. वरून आलेला आदेश टेबलावरच पडला होता: आज संध्याकाळी पाचला हे काउंटर कायमचं बंद.

शिक्काबाई हे नाव कँटीनवाल्यानं ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी या लहानशा विमानतळावरून मोठ्या थाटात परदेशी विमान सुरू झालं आणि आठ महिन्यांत बंदही पडलं. बाकीचे तिघं अधिकारी बदली मागून निघून गेले. बाईंची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्या राहिल्या. देशातल्या देशात उडणारी दोन छोटी विमानं रोज यायची-जायची. त्यातल्या प्रवाशांचं पासपोर्टावाचून काही अडत नव्हतं. तरी बाई रोज सकाळी मशीन चालू करायच्या, शिक्क्यावरची तारीख बदलायच्या आणि कोऱ्या कागदावर एकदा उठवून पाहायच्या. “आज कुठल्या देशाचे पाहुणे?” कँटीनवाला विचारायचा. बाई हसून चहा घ्यायच्या. उरलेला दिवस नियमांचं पुस्तक वाचण्यात जायचा, कारण तिथं वाचायला दुसरं काही नव्हतंच. आता बदली झाली होती चारशे किलोमीटरवर. आईला एवढ्या लांब कसं न्यायचं, या विचारानं पंधरा दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तेवढ्यात टॉवरमधून फोन आला. मोठ्या शहराच्या विमानतळावर एका विमानाची चाकं मोडली होती आणि ते धावपट्टीवरच बसलं होतं. तिकडं उतरायला निघालेलं एक परदेशी विमान आता इकडं वळलं होतं. त्यात एकशे बासष्ट माणसं होती आणि इंधन बेताचंच.

“इथं उतरणार हे नक्की,” टॉवरवाला म्हणाला. “कॅप्टन एवढंच विचारतोय, प्रवाशांना बाहेर पडता येईल का? पासपोर्ट बघणारं कोणी नसेल, तर सगळ्यांना आतच बसवून ठेवावं लागेल.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं.

“येऊ दे सगळ्यांना. पाचपर्यंत मी आहे,” त्या म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं. “भाऊ, ते स्क्रू परत लावा. आणि तुमची ती दोरी जरा द्या, रांग करायला लागेल.”

चार चाळीसला पहिला प्रवासी काउंटरसमोर उभा राहिला. बाईंचा हात असा चालत होता, जणू सहा वर्षांत एक दिवसही थांबला नव्हता. पासपोर्ट, चेहरा, मशीन, शिक्का. फिटर दोरी धरून उभा. कँटीनवाला पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होता आणि आज त्याला एकही विनोद सुचत नव्हता. एका डोळे सुजलेल्या माणसानं विचारलं, “बाई, इथून मोठ्या शहराला रस्त्यानं किती वेळ? आई शेवटच्या घटका मोजतेय.” बाईंनी शिक्का मारला. “तीन तास. बाहेर पांढरी टॅक्सी उभी असेल. मी पाठवलंय म्हणून सांगा, तो बरोबर पोचवेल.”

पाचच्या ठोक्याला मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन.

“बाई, पाच वाजले. तुमचं काउंटर आता कागदोपत्री उरलेलं नाही.”

“साहेब, समोर एकशे चाळीस माणसं उभी आहेत. रांगेत प्रवासी असताना काउंटर बंद करता येत नाही.”

“असं कोण म्हणतं?”

“नियमांचं पुस्तक. प्रकरण नववं, शेवटचं पान. खाली तुमचीच सही आहे.”

 पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

“बरं,” साहेब म्हणाले. “आदेशात दुरुस्ती करून पाठवतो. रांग संपल्यावर बंद करा.”

दहा मिनिटांत कागद आला. बाईंनी तो वाचून खणात ठेवला आणि पुढच्या प्रवाशाला हात केला.

सात वाजता साहेबांनी पुन्हा फोन केला. “संपली का रांग?”

“पहिल्या विमानातले वीस जण राहिलेत,” बाई म्हणाल्या. “पण दुसरं आत्ताच उतरलंय. आणि टॉवरवाला म्हणतोय, तिसरं वाटेत आहे.”

साहेब या वेळी पुस्तक बघायला गेले नाहीत. “मनगट दुखत असेल,” ते म्हणाले. “दोन माणसं गाडीनं पाठवतोय. तोवर धीर धरा.”

मोठ्या शहराची धावपट्टी मोकळी व्हायला दोन दिवस लागले. तेवढ्यात या लहानशा विमानतळावर अकरा परदेशी विमानं उतरली आणि एकाही प्रवाशाला उन्हात विमानात कोंडून राहावं लागलं नाही. विमान कंपन्यांनी ते ध्यानात ठेवलं. महिन्याभरात एकीनं आठवड्याचं एक विमान मागितलं, मग दुसरीनं दोन. बदलीचा कागद आपोआप मागे पडला. बाईंची आई पुढची चार वर्षं आपल्याच खाटेवर, आपल्याच खिडकीपाशी राहिली.

आज तिथं सहा काउंटर आहेत आणि बाई निवृत्त झाल्या आहेत. काउंटर बंद करायचा तो आदेश मात्र कुणीही रद्द केलेला नाही. तो अजून लागू आहे; फक्त रांग तेवढी संपायची आहे.