निळी डबी

नवी आली तेव्हा बडबडी स्टुलावर चढून पताका बांधत होती, आणि तिच्या नजरेस आधी काय पडलं असेल तर चष्मिषने नवीचा धरलेला हात.

पताका आईच्या शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांच्या होत्या. दोन दिवस बसून बडबडीने त्या कापल्या होत्या. सुट्टी लागल्यापासून तिने घोशाच लावला होता की आपल्या अंगणात मैत्रिणींची पार्टी करायची. फार काही नाही, लोळायचं, कलिंगड खायचं, पाणी उडवायचं. खरं सांगायचं तर बाकीच्या मैत्रिणी हे निमित्त होतं. तिला चष्मिष परत हवी होती.

पहिलीपासून नऊ वर्षं दोघी एकाच बाकावर. एकीला शिंक आली की दुसरी नाक पुसते, असं आई म्हणायची. मग दोन महिन्यांपूर्वी चष्मिषच्या शेजारी नवं बिऱ्हाड आलं. त्यातली ही मुलगी, शाळाही वेगळी. आणि तेव्हापासून चष्मिषच्या तोंडी दर दोन वाक्यांआड ‘नवी’. पार्टीला बोलावलं तर म्हणे, तिलाही आणू ना गं? बडबडी म्हणाली, आण की. आणि मनात म्हणाली, नकोच आणूस.

नवी दिसायलाही छान निघाली, म्हणजे बघा. एवढ्या उकाड्यात सगळ्यांनी केस वर बांधलेले, हिचे मात्र मोकळे, गालांवरून थेट खांद्यापर्यंत. स्वतःहून बोलायची कमी. समोरची बोलायला लागली की टक लावून तिच्या तोंडाकडे बघायची. दातात काही अडकलंय की काय म्हणून बडबडी दोनदा आरशासमोर जाऊन आली.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, नव्या पाहुणीला सरबत गोड हवं की खारट? नवी आपली पताका बघत उभी. उत्तर चष्मिषने दिलं, तिला गोड. बडबडी मनात म्हणाली, का, हिला तोंड नाही? राणीसरकारांनी दासी ठेवलीय वाटतं.

मग बिनआवाजी सुरू झालं. हा खेळ बडबडी आणि चष्मिषने तिसरीत शोधून काढलेला, बाई फळ्याकडे वळायच्या तेवढ्या वेळात. एकीने आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, दुसरीने वाक्य ओळखायचं. त्यात या दोघींचा हात धरणारं अख्ख्या वर्गात कोणी नव्हतं.

चष्मिष अंगणाच्या टोकाला उभी राहिली. तिने ओठ हलवले. बडबडी “मांजर...” एवढंच म्हणतेय तोवर नवी म्हणाली, “मांजराने बाईंचा डबा खाल्ला.”

दुसरं वाक्यही नवीनेच ओळखलं. तिसरंही. सहाच्या सहा. पोरींनी टाळ्या पिटल्या, आणि चष्मिष तर अशी फुलली की जणू बक्षीस तिलाच मिळालंय.

“तू शिकवलंस ना हिला?” बडबडीने तिला गाठून विचारलं.

“छे गं. तिला आधीपासून येतं.”

वर खोटंही बोलते. आपल्या दोघींचा खेळ हिने परस्पर देऊन टाकला, तोही जुन्या पेपरच्या रद्दीसारखा.

ऊन उतरल्यावर पोरी कोपऱ्यातल्या पिंपाकडे धावल्या. नवी मात्र भिंतीकडे तोंड करून केसांत काहीतरी चाचपत होती. मग तिने चष्मिषच्या तळहातावर एक छोटी निळी डबी ठेवली. चष्मिषने ती टॉवेलात गुंडाळली आणि खिडकीच्या कट्ट्यावर अशी ठेवली की जणू झोपलेलं बाळच.

“काय आहे त्यात?” बडबडीने विचारलं.

“तिची वस्तू आहे. सांभाळायला दिलीय.”

“अगं, पण काय?”

चष्मिष चष्मा पुसत राहिली. “सांगणार नाही असं कबूल केलंय तिला. रागावू नकोस.”

नऊ वर्षांत या दोघींमध्ये ‘सांगणार नाही’ हे शब्द कधी आले नव्हते.

पाण्याची दंगल रंगात आली. कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं. बडबडीने टॉवेल उलगडला आणि डबी कानाशी हलवली. आत दोन चिमुकल्या वस्तू खुळखुळल्या. दोनच. अंगठ्याच असणार, एक हिची, एक तिची. उघडून बघायचं तिला धाडस झालं नाही. बादल्या भरून पोरी पांगल्या तशी तिने डबी पिंपात सोडली. डबी क्षणभर तरंगली, मग झाकण सुटलं आणि बुडबुडे सोडत तळाला गेली.

फार बरं वाटलं. तिने कलिंगडाच्या दोन फोडी उभ्या उभ्याच खाल्ल्या.

आता बोलायचंही बळ आलं होतं. नवी एकटीच पायरीवर बसून केस पुसत होती, बडबडीकडे पाठ करून.

“ए,” बडबडी मागून म्हणाली, “चष्मिष माझी मैत्रीण आहे. तुझ्या आधीपासून. तू तुझी दुसरी शोध.”

नवी केस पुसत राहिली.

बडबडीने तेच पुन्हा सांगितलं, एवढ्या मोठ्याने की आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नवीची मान वळेना. काय हा भाव खाणं. बडबडीने तिचा खांदा धरून तिला गर्रकन वळवलं.

नवी दचकली. मग हसली आणि नेहमीसारखी बडबडीच्या ओठांकडे बघू लागली.

“काही म्हणालीस का?” तिचा आवाज जरा जास्तच चढा होता. तिने ओले केस पहिल्यांदाच कानांमागे सारले. “थांब हं. माझी निळी डबी आणून देतेस? कानांची मशिनं आहेत त्यात, ती घातल्याशिवाय मला काही ऐकू येत नाही. मी कोणाला सांगत नाही गं, पण चष्मिष म्हणाली, बडबडीला सांग. तिच्याइतकं जपणारं दुसरं कोणी नाही.”