गालावरची तीट

लसीकरण केंद्रात वजनासाठी बाळांचे कपडे उतरवले होते. सिस्टरांनी डोस पाजून सगळ्यांची तोंडं ओल्या फडक्याने पुसली आणि शर्वाणी टेबलाशी येऊन थबकली. लेकीच्या उजव्या गालावर लावलेली तीट पुसली गेली होती. ओळखायची तेवढीच तर खूण होती.

टेबलावर एकसारख्या पांढऱ्या टॉवेलांत सहा मुली होत्या. सहाही जणींना सिनेतारका ऐराचंच नाक, तिचीच हनुवटीवरची खळी. बाळाचा चेहरा ऐरासारखा व्हावा म्हणून गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात शर्वाणीने जे इंजेक्शन हौसेने घेतलं, तेच या सगळ्या आयांनीही घेतलं होतं.

"अगं, घे ना उचलून," तिची आई म्हणाली.

शर्वाणीने हात पुढे केला आणि मागे घेतला. "आई, यातली आपली कुठली गं?"

आई तिच्याकडे वळली. "तुझं नाक बसकं होतं. शंभर पोरांत तुला लांबून ओळखायचे मी."

मग ती एकेका टॉवेलाचं टोक उचलून पाय बघत गेली. चौथ्या बाळाच्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, थेट आईच्या करंगळीसारखी.

"ही बघ आपली ठकी!" आईने ती करंगळी ओठांना लावली. "एवढं तरी माझं राहिलंय हिच्यात."

शर्वाणीला मान वर करवेना. बाळाचे पायही ऐरासारखे करणाऱ्या इंजेक्शनसाठी तिने येत्या मंगळवारची वेळ घेतली होती. बाळाला मांडीवर धरायला आईलाच बोलावलं होतं, लसच आहे असं सांगून.