तांबूची आखणी

"ह्या रेषेवरनं माकडं जातील, वैनी नाय जायच्या," असं म्हणून रानात वाट तोडायला आलेल्या शेवंताने कोयता खाली ठेवला.

मला राग आला. पस्तीस वर्षं रस्ते बांधलेला मी निवृत्त कार्यकारी अभियंता, आणि आमच्याच रानातल्या पायवाटेवर ही मला शिकवणार! चुन्याची रेषा मी स्वतः मारली होती, घरापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत अगदी सरळ. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायको माथ्यावर गेलीच नव्हती. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी शेवंता आपली गाभण गाय, तांबू, घेऊन आली आणि तिला रानात सोडून म्हणाली, "पोटुशी गाय दम लागंल अशी वाट धरत नाय." तांबू वळसे घेत, थांबत, पाला खात चढली. शेवंता मागून तिच्याच पावलांवर करवंदीच्या जाळ्या तोडत गेली.

"तोड तुला हवं तसं," मी फणकारलो. "मी माझ्या रेषेनेच जाणार."

आठवड्याने वाट तयार झाली. मी हट्टाने माझ्या रेषेवरून निघालो, दोनदा घसरलो, शर्ट फाडून घेतला आणि धापा टाकत माथ्यावर पोचलो. बायको आधीच तिथे कातळावर बसून करवंदं खात होती.

"किती वेळ लावलात!" ती म्हणाली.

वाटेच्या तोंडाशी लावायची पाटी मी केव्हाच रंगवून ठेवली होती. संध्याकाळी तिच्यावरचं माझं नाव खोडलं आणि तिथे 'तांबू' लिहिलं. खालचं 'कार्यकारी अभियंता' मात्र तसंच राहू दिलं.