समासातली माणसं

पायाभूत सुविधांच्या वित्तपुरवठ्यातली माझी पदव्युत्तर पदवी आता या तोंडी परीक्षेवर अडली होती. "तुझ्या या महामार्गावरच्या पादचारी पुलात गुंतवणूक कोण करेल? पायी ओलांडतंच कोण?" बँकेतून आलेले परीक्षक हसले. मी बाबांचे तक्ते टेबलावर पसरले. तीन महिन्यांपूर्वी बाबा वारले. त्याआधी वीस वर्षं याच महामार्गाकाठी बसून ते बांधकाम खात्यासाठी वाहनं मोजायचे. छापील तक्त्यात पायी चालणाऱ्यांना रकानाच नव्हता, म्हणून समासात रेघा ओढायचे. "नसते उद्योग," त्यांचे साहेब करवादायचे. परीक्षकांचं बोट समासावरून सरकू लागलं, मग धावू लागलं. "अहो, एका सकाळी नऊशे माणसं!" त्यांनी शेजारच्या प्राध्यापकांना खुर्चीसकट जवळ ओढलं. "मुली, तुझा पूल उभा राहतोय! मोजणारे गृहस्थ कोण? पुढच्या पाहणीला मला हेच हवेत." मला हसू आवरत नव्हतं; त्या आनंदात मधले तीन महिने पुसूनच गेले होते. "माझे बाबा," मी म्हणाले, "सांगते, लगेच येतील."