पप्पांचा वास

“पप्पा, तुमच्या अंगाला कसला वास येतो?”

केतकीने जेवता जेवता विचारूनच टाकलं. हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी पैज शाळेत रुख्सानाने लावली होती. रुख्सानाच्या अब्बूंना म्हणे डिझेलचा आणि अत्तराचा वास यायचा. केतकीला मात्र काहीच सांगता आलं नव्हतं.

समोर पप्पा हवेच्या पडद्याआड सिगारेट ओढत जेवत होते. मिरजेत त्यांची परमिट रूम होती. तिथे धूम्रपानबंदी येणार म्हटल्यावर मालकांच्या मोर्च्यात तेच सगळ्यात पुढे होते. जागा माझी, नियमही माझा! मग तोडगा निघाला: ओढा, पण ज्याने त्याने यंत्राने आपल्याभोवती हवेचा पडदा उभा करून. पडद्यातून धूर बाहेर येत नसे, वास येत नसे आणि आवाजही आत-बाहेर जात नसे. आता परमिट रूममध्ये चाळीस माणसं बसत, पण एकेकटी. घरीही तेच. केतकी बालवाडीत होती तेव्हापासून पप्पा पडद्यातच.

ओठ हललेले पाहून पप्पांनी माईकचं बटण दाबलं. “काय म्हणालीस गं?”

केतकीने पुन्हा विचारलं. पप्पांनी स्वतःची बाही हुंगून पाहिली आणि ते हसले. “मला कुठलं कळायला? आईला विचार.”

आई ताटाकडे बघत म्हणाली, “विसरले मी.”

केतकीने ताट उचललं.

“आई, पप्पा, ऐका दोघं. आजपासून मी पडद्याच्या आत, पप्पांना चिकटून बसून जेवणार. सिगारेट विझवायची की नाही, ते पप्पांनी ठरवायचं.”