कानाला पुरलेला हात

गुरुजी, माझ्या रंजिताला खो-खोच्या टीममधून तुम्हीच काढलं, दुसऱ्या कोणावर ढकलू नका.

आश्रमशाळेत तिच्याएवढी चपळ पोरगी नाही, हे तुमचेच शब्द. तरी चौदा वर्षांच्या आतल्या मुलींच्या यादीत तिचं नाव नाही. मी विचारायला आले, तर तुम्ही रजिस्टर पुढे सरकवलं. "शामकलाबाई, कागदावर चौदा पूर्ण झाले ना. नियम सगळ्यांले सारखा." मग मोठ्या पोरींच्या टीममध्ये घ्या म्हटलं, तर तुम्ही म्हणाले, "अंगानं लहान पडते."

लहानच आहे ती. तेरा भरले नाहीत अजून. शाळेचा पट भरत नव्हता, तेव्हा तुम्ही आमच्या गावी, दरेकशाला, अंगणात पोरं शोधत आले होते. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं, हे तुमचं माप. रंजिताचा हात पुरला नाही. "साडेचारची हाय जी," मी म्हटलं, "माह्या कुशीत निजते अजून. काऊन नेता आत्ताच?" तुम्ही हसत तिचा हात ओढला, कानाला टेकवला आणि सहा लिहून घेतले.

त्या दिवसापासून ती शाळेच्या सतरंजीवर निजते. आता मैदानावर बाकीच्या धावतात आणि ती खांबाला टेकून पाहत राहते. तिचं ते दीड वर्ष मला मिळालं नाही, तिलाही नाही. मग गेलं कुठं? बोला ना गुरुजी.