ब्रेकचा दिवस

साडेसात वाजून गेले तरी नळातून नुसता वारा येत होता. आज पाचवा दिवस, म्हणजे पाण्याचा दिवस. होटगी रस्त्याकडच्या त्या गल्लीत घागरी, बादल्या, बॅरल, रंगाचे रिकामे डबे असं सगळं दारोदार मांडून बायका बसल्या होत्या. एव्हाना प्रत्येकीची नजर एकाच दाराकडे लागली होती. त्या दारात तिप्पण्णा चहा पीत बसला होता. गल्लीला पाणी सोडणारा माणूस तोच.

"ओ अण्णा, निवांत चहा काय पिताय?" रंभाबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला तिला आठला हजर व्हावं लागे. "आमाला कामावर जायाचं न्हाय व्हय? तुमचं बरं हाय. सरकारी नोकरी. उठला काय, न उठला काय!"

सरकारी! बारा वर्षं हा शब्द तिप्पण्णा लग्नकार्यात, पानपट्टीवर, भाजीच्या गाड्यावर ऐकत आला होता आणि दर वेळी त्यानं तो मुकाट्यानं गिळला होता. आज गिळवेना.

"मी आज कामावर न्हाय, वैनी."

"रजा काढली?"

"मी कुटली काढतोय? मला काढलंय. एक दिवस."

रंभाबाईला काही उलगडेना. मग त्यानं बशी खाली ठेवली आणि सांगितलं. त्याची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. अकरा महिने भरले की एक दिवस नोकरी बंद, दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. सलग वर्ष भरूच द्यायचं नाही, म्हणजे माणूस कायम करा म्हणून कोर्टाची पायरी चढत नाही. काय डोकं लावलंय! असे बारा ब्रेक झाले, आजचा तेरावा. आणि त्या बाराही दिवशी पाणी त्यानंच सोडलं होतं. हजेरीवर सही न करता.

कोपऱ्यावर उदयसिंह लांबलचक लोखंडी चावी घेऊन उभा होता. तो कायम नोकरीतला. वडिलांच्या जागी लागला आणि टेबलाला चिकटला. माणूस वाईट नव्हता, पण व्हॉल्व्हची चावी आज पहिल्यांदाच हातात आल्यामुळं तीन चेंबरांच्या मधोमध तो घाम पुसत होता.

"काका," त्यानं तिथूनच हाक मारली, "यातला आपला कुठला? नुसतं बोट दाखवा."

मधला. बावीस फेरे. तेविसावा दिला की दांडा मोडतो. हे कुठल्या नकाशात नव्हतं, तिप्पण्णाच्या मनगटात होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते, पण त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"होगरी, जावा की," गौरम्मा आतून हळूच म्हणाली. "गप जाऊन सोडा. उद्या ऑर्डर हाय." नवऱ्याचा हट्ट तिला परवडणारा नव्हता.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. तिप्पण्णानं तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"तिप्पण्णा, कुठं आहेस? वरपर्यंत तक्रारी गेल्यात."

"घरीच हाय, साहेब. आज ब्रेक."

"अरे, ब्रेक कागदावर! तू घरचा माणूस. पटकन जाऊन सोड. फक्त ते ऑफिसचं जॅकेट घालू नको आणि सही करू नको. कोणी फोटोबिटो काढला तर नसती भानगड."

"मागल्या ब्रेकला चेंबरात पाय मोडला माझा. तवा तुमीच म्हणालात, त्या दिवशी तू कामावर नव्हतास."

साहेबांचा आवाज बदलला.

"हे बघ, उद्याच्या ऑर्डरवर सही माझी होते. आणि तुझ्या जागेसाठी बाहेर रांग लागलीय."

साहेब तिप्पण्णाच्या थोरल्या मुलाच्या वयाचे होते आणि त्यांच्या एका सहीवर या घराची चूल होती. त्यानं गौरम्माकडं पाहिलं, मग रिकाम्या बादल्यांकडं. इतकी वर्षं हे असंच जमून येत होतं. पाणी हवंय लोकांना, लाज वाटते आपल्याला, आणि फावतं साहेबांना.

"साहेब," तो म्हणाला, "आज मी येत न्हाय."

आता गल्ली खवळणार, असं त्याला वाटलं. रंभाबाई तर रागानं लालच झाली होती.

"आमचा मालक हरामखोर हाय," ती म्हणाली, "पण हाकलताना नीट हाकलतो. हाकलून परत फुकट राबायला बोलवत न्हाय!" आणि तिनं त्याच्या हातातला फोन घेतला.

"साहेब, गल्लीतनं बोलतीय. तिप्पण्णा आज तुमच्या कामाला न्हाईत. तुमीच या की पाणी सोडायला."

"अहो बाई," साहेब वैतागून ओरडले, "मला काय माहीत कुठला व्हॉल्व्ह कुठं आहे!"

सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. चेंबरापाशी उदयसिंहनंही ऐकलं आणि मान खाली घातली.

"मग ज्याला म्हाईत हाय," रंभाबाईनं विचारलं, "त्याला का काढलं, साहेब?"